‘होतास का?’ – ‘होतो’: आयर्लंडच्या न्यायमंत्र्यांना खुले पत्र

मा. न्यायमंत्री,
आयर्लंड सरकार, डब्लिन

स. न. वि. वि.

पत्र मराठीत लिहितोय. दुभाषा शोधायची वेळ एकदा तुमच्यावरही यावी, एवढी खोडी माफ करा.

मी रत्नागिरी जिल्ह्यात काही वर्षं वकिली केली, हल्ली नोकरीनिमित्त डब्लिनला असतो. तालुका कोर्टात उलटतपासाला समोरचा वकील दरडावायचा, ‘फक्त हो की नाही, तेवढंच सांगा!’ पिंजऱ्यातली म्हातारी तरीही म्हणायची, ‘होते ना साहेब, तिथंच होते.’ इथे आयरिश शिकायला बसलो आणि ती म्हातारी आठवली. या भाषेत ‘हो’ आणि ‘नाही’ला सुटे शब्दच नाहीत. होतास का? होतो. गेलास का? नाही गेलो. क्रियापदच परत म्हणायचं. कॉनेमारातल्या, म्हणजे पश्चिमेकडच्या आयरिशभाषक भागातल्या, साक्षीदाराला कुणी ‘येस ऑर नो’ म्हणून खडसावलं, की उत्तर देण्याआधी बिचाऱ्याला भाषाच बदलावी लागते.

तुमच्या घटनेच्या कलम ८ प्रमाणे आयरिश ही पहिली राजभाषा. घटनेच्या दोन मजकुरांत तफावत निघाली तर आयरिश मजकूर ग्राह्य. १९२९ पासून वकील व्हायला आयरिश येणं सक्तीचं होतं. २००८ च्या कायद्याने तुम्ही ती सक्ती काढलीत. बरं केलंत. सनदेपुरतं घोकलेलं आयरिश अशिलाच्या काय कामाचं? त्याजागी लॉ सोसायटी (सॉलिसिटरांची संस्था) आणि किंग्ज इन्स (बॅरिस्टरांची संस्था) यांनी आयरिशमधल्या वकिलीचे अभ्यासक्रम चालवायचे आणि उत्तीर्ण झालेल्यांची नोंदवही ठेवायची, असं ठरलं.

ही नोंदवही अशिलाच्या हाताशी हवी. आयरिशभाषक भागातल्या प्रत्येक कोर्टाच्या दारात ती लावा. सरकारी खर्चाने वकील मागायला आलेल्या माणसाला पहिला प्रश्न भाषेचा विचारा, आणि तोही दोन्ही भाषांत. आरोपी पोलीस ठाण्यात बसलेला असताना नोंदवहीतला वकील फोनवर तरी मिळेल, याची जबाबदारी कुणा एका अधिकाऱ्यावर टाका. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आयरिश आणि इंग्रजी दोन्ही जाणणाऱ्या द्विभाषिक ज्यूरीची मागणी फेटाळली. ज्यूरी नाही तर नाही, निदान वकिलाला तरी आरोपीचं बोलणं थेट कळू दे.

आमच्याकडे कनिष्ठ न्यायालयांची भाषा मराठी, तरी कित्येक निकाल इंग्रजीतच हातात पडतात. तेव्हा शहाणपण शिकवायचा आव आणत नाही.

पण एक शब्द खटकतो, तो सांगतोच. आयरिशभाषक भागातल्या जिल्हा न्यायाधीशाला दुभाष्याविना साक्ष समजेल इतकं आयरिश ‘शक्यतो’ यावं, असं तुमचा १९२४ चा कायदा म्हणतो. ‘शक्यतो’ लिहिलेल्या कामाचं पुढे काय होतं, ते आमच्या कोर्टातला कुठलाही शिरस्तेदार तुम्हाला सांगेल. तो शब्द तेवढा खोडता येतो का, बघा.

आपला,
एक मराठी वकील, डब्लिन