शिक्का मारला, गुंठा गेला : विधी व न्याय मंत्र्यांना खुलं पत्र

मा. विधी व न्याय मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

स.न.वि.वि.

गेल्या मंगळवारी माझे वडील दुय्यम निबंधकांच्या, म्हणजे दस्त नोंदणीच्या, कार्यालयातून घरी आले आणि न जेवता भिंतीकडे तोंड करून झोपले. वय 67. बाजार समितीत 31 वर्षं पोती वाहिली त्यांनी. त्यांना असं निजलेलं मी आजी गेली तेव्हा पाहिलं होतं, त्यानंतर आत्ताच.

2019 साली फंडाचे पैसे मिळाले. त्यात आईने शिलाईवर साठवलेले घालून साडेतीन लाखांना गावाबाहेर एक गुंठा घेतला. एक गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट. तहसीलच्या आवारात लिंबाखाली टेबल टाकून बसणाऱ्या माणसाने कागद करून दिला. सगळे त्याला वकीलसाहेब म्हणतात, म्हणून आम्हीही म्हणालो. शंभराच्या स्टॅम्पवर त्याने वर ठळक अक्षरात ‘कायम खरेदीखत’ असं टाइप केलं, वडिलांचा अंगठा घेतला, मालकाची सही घेतली आणि कागद घेऊन शेजारच्या खोलीत गेला. माझ्या हातातला चहा संपायच्या आत तो परत आला. अंगठ्याच्या निळ्या शाईवर नोटरीचा गोल शिक्का बसला होता, बाजूला लाल तिकीट, खाली सही. नोटरीने माझ्या वडिलांचं तोंडसुद्धा पाहिलं नाही.

त्या संध्याकाळी आईने कागदाच्या चारी कोपऱ्यांना हळद लावली आणि तो प्लास्टिकमध्ये घालून पेटीत, माझ्या लग्नाच्या शालूखाली ठेवला. आजही ते पिवळे डाग त्यावर आहेत.

साहेब, जुलै 2025 मध्ये विधानसभेत घोषणा झाली की शहरी हद्दीतले एक गुंठ्यापर्यंतचे जमिनीचे तुकडे नियमित, म्हणजे कायदेशीर होणार, 50 लाख कुटुंबांना फायदा होणार. आमच्या वस्तीत त्या रात्री लोकांनी पेढे वाटले. दीडशे घरं असतील आमची, त्यातली शंभर तरी अशीच नोटरीवर. वडिलांनी दुसऱ्याच दिवशी तो कागद पेटीतून काढला. तेव्हापासून हेलपाटे घालत होते. मंगळवारी खिडकीवर कळलं की मूळ मालकाने आमच्या गुंठ्यासकट सगळे वीस गुंठे दुसऱ्याला रीतसर खरेदीखत नोंदवून विकलेत, फेरफारही झालाय, म्हणजे सरकारी नोंदीत मालकाचं नावही बदललंय. खिडकीवरच्या माणसाने आमचा कागद उलटासुलटा केला आणि म्हणाला, “बाबा, हा नुसता नोटरी आहे.”

नुसता. सहा वर्षं ज्या कागदाला आम्ही घर समजलो त्याला हा एक शब्द.

मग मी वाचायला बसले. 1908 चा नोंदणी कायदा, 1882 चा मालमत्ता हस्तांतरण कायदा. शंभर रुपयांच्या वरची जागा विकायची तर दस्त नोंदवावाच लागतो, नाहीतर मालकी घेणाऱ्याकडे जात नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात पुन्हा सांगितलं की साठेखत (पुढे विकण्याचा नुसता करार), कुलमुखत्यारपत्र (मालकाच्या वतीने व्यवहार करायचा अधिकार) असल्या कागदांनी जागेचा मालक होता येत नाही. म्हणजे हे सरकारला ठाऊक आहे, कोर्टाला ठाऊक आहे, शिक्का मारणाऱ्या नोटरीला तर नक्कीच ठाऊक आहे, कारण दहा वर्षं वकिली केल्याशिवाय सर्वसाधारण वर्गातल्या पुरुष वकिलाला नोटरी होता येत नाही. ठाऊक नव्हतं ते फक्त पोती वाहणाऱ्या माणसाला. ‘कायम खरेदीखत’ असा मथळा वाचूनही ज्या नोटरीचा हात थांबला नाही, त्याला मी निष्काळजी म्हणणार नाही. त्याने आमच्या पैशाचा घात केला.

नियमाप्रमाणे नोटरीने प्रत्येक कामाची आपल्या रजिस्टरला नोंद ठेवायची असते, आणि फीचा तक्ता खोलीच्या आत आणि बाहेरही लावायचा असतो. तक्ता मी पाहिला नाही. रजिस्टर दाखवा म्हटलं तर उत्तर मिळालं, “जुनं आहे, सापडत नाही.”

पोलिसांत गेले. तिथल्या साहेबांनी मला 1952 च्या नोटरी कायद्याचं कलम 13 दाखवलं. नोटरीने आपल्या कामात केलेल्या गुन्ह्याची दखल कोर्ट तेव्हाच घेतं, जेव्हा केंद्र किंवा राज्य सरकारने अधिकार दिलेला अधिकारी लेखी तक्रार करतो. मी तीनदा वाचलं ते. ज्याची जागा गेली त्याने थेट कोर्टात जायचं नाही, आधी तुमच्या दारात यायचं. ठीक आहे, आले. सात महिन्यांपूर्वी, नुसत्या शिक्क्याविषयीच शंका आली होती तेव्हा, तुमच्या खात्याला रजिस्टर पोस्टाने अर्ज पाठवला. पोचपावती माझ्याकडे आहे. उत्तर नाही. दरवाजा एकच ठेवायचा आणि त्यालाही कडी लावायची, याला न्याय म्हणायचं का?

आणि तो लिंबाखालचा वकीलसाहेब? सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, नसलेल्याने वकिली करू नये असं 1961 चा अधिवक्ता कायदा सांगतो. कलम 45 मध्ये सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. पण ती कोर्टात किंवा एखाद्या अधिकाऱ्यापुढे वकिली करणाऱ्याला. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये म्हटलं की सल्ला देणं, मसुदे करणं हीसुद्धा वकिलीच. मग टेबलावर बसून लोकांची घरं कागदावर लिहून देणाऱ्याला कोण हटकतं? तो कुठल्या गल्लीबोळात बसत नाही, तहसीलदारांच्या खिडकीखाली बसतो. रोज साहेबांची गाडी त्याच्या टेबलाला वळसा घालून आत जाते. काल मी पाहिलं, एक म्हातारी त्याच्यासमोर उभी होती, पदराची गाठ सोडत. मी तिला हाताला धरून बाजूला नेलं. रोज मी तिथे असणार नाही.

करता येत नाही असं मला सांगू नका. ऑक्टोबर 2024 मध्ये केंद्राच्या विधी विभागाने नोटरींना बजावलं की लग्नाचे आणि घटस्फोटाचे कागद करायचा तुम्हाला अधिकार नाही. मग जागेच्या खरेदीचे कागद शिक्का न मारता परत पाठवा, असं बजावायला तुम्हाला कोण अडवतंय? त्याच महिन्यात तुमच्या सरकारने शंभराचा स्टॅम्प पाचशेचा केला. किंमत वाढवायला वेळ मिळाला. त्याच कागदावर ‘याने मालकी मिळत नाही’ एवढी एक ओळ छापायला मिळाला नाही. गरिबाकडून वसुली करताना सरकार जागं असतं, त्याची राखण करायची वेळ आली की खिडकी बंद. तलाठ्याकडे जा, तो निबंधकाकडे पाठवतो, निबंधक पोलिसांकडे, पोलिस तुमच्याकडे. माझ्या बापाचे गुडघे पोत्यांनी गेलेच होते, उरलेले तुमच्या जिन्यांनी गेले.

तुकडे नियमित करायची जी काही योजना आहे, ती ज्याचा मालक सही द्यायला येतो त्याच्यासाठी. ज्याला फसवलं त्याचं काय, हे तुमच्यापैकी कुणी बोललेलं मी ऐकलं नाही.

कलम 13 खालची तक्रार करण्याचा अधिकार तुमच्या अधिकाऱ्याला आहे. माझा अर्ज तुमच्या खात्यात पडलाय. तो काढा, नोटरीचं 2019 चं रजिस्टर जप्त करा, आणि तक्रार करणार की नाही ते मला लेखी कळवा. नाही म्हणायचं असेल तर कारणासकट नाही म्हणा. तो कागद वडिलांना वाचून दाखवायचा आहे. त्यांनी अजून नोटरीवाला कागद फेकू दिलेला नाही, उशाशी घेऊन झोपतात.

आपली,
एका हमालाची मुलगी