इटलीच्या कॉमेडी सिनेमांवरही लिहा

संपादक महोदय,

जुन्या परदेशी सिनेमांवर आपल्या पुरवणीत जे येतं ते मी आवर्जून वाचते, पण त्यात इटलीच्या कॉमेडी फारशा दिसत नाहीत म्हणून हे पत्र. व्हित्तोरिओ दे सिकाचा १९६४ चा 'मॅरेज इटालियन स्टाईल' घ्या. नेपल्सची फिलुमेना म्हणजे सोफिया लॉरेन, वर्षानुवर्षं डोमेनिकोचं घर आणि धंदा सांभाळते आणि हा लग्नाला निघतो दुसऱ्याच तरुण मुलीशी, मग ही मरायला टेकल्याचं नाटक करून पाद्रीला बोलावते आणि लग्न लावूनच घेते! इथवर हसून हसून पोट दुखतं. पण नंतर ती सांगते की माझ्या तीन मुलांपैकी एक तुझा आहे, कोणता ते मात्र सांगणार नाही, कारण एकदा सांगितलं की बाकीचे दोघं परके होणार. काय बाई आहे ही! डोमेनिको झालेला मास्त्रोयानी त्या तिघांत स्वतःला शोधत बसतो ते बघताना तर डोळे भरून येतात. आणि तेव्हा इटलीत घटस्फोटाचा कायदाच नव्हता, तो आला १९७० ला. मूळ नाटक एदुआर्दो दे फिलिप्पोचं, १९४६ चं, त्यासकट एक सविस्तर लेख द्या ना प्लीज.

– एक नियमित वाचक