एक्स्ट्रा टॉवेलवाल्या मुलास

प्रिय मुला,

तुझं नाव मला पाठ आहे. छातीवरच्या पट्टीवर वाचलं होतं, त्याखाली ‘इंडिया’ असंही होतं. पण इथे लिहीत नाही. तू माझ्यासाठी जे केलंस ते तुमच्या जहाजाच्या नियमात बसतं की नाही, मला ठाऊक नाही. माझ्या आभारापायी तुला एखाद्या साहेबाने बोलावून झापलं तर ते पाप माझ्या डोक्यावर. तुझा फोन नंबर घ्यायचा राहिला, म्हणून हे उघडं पत्र. मडगावकडच्या कुणी हे वाचलं आणि घरातला पोरगा सिंगापूरच्या जहाजावर खोल्या आवरायच्या कामाला असेल, तर त्याला एवढंच विचारा : ‘काळी पँट कुणाला दिलीस काय रे?’ तो हसला की समजा, तोच.

मी तो आठव्या मजल्यावरचा एसटीवाला काका. ३२ वर्षं एसटीत काढली, त्यातली शेवटची बरीच वर्षं वाहतूक नियंत्रक म्हणून. विटा, तासगाव, मिरज. लग्नाला ४० वर्षं झाली म्हणून पोरांनी पैसे काढून आम्हा दोघांना टूरमध्ये घातलं. सिंगापूर, पेनांग, फुकेत आणि परत सिंगापूर, चार रात्री. मी लाल डब्याच्या पलीकडे दुसऱ्या वाहनावर कधी विश्वास ठेवला नव्हता. त्यात हे अठरा मजली तारू.

आपली पहिली भेट तुला आठवत असेलच. मी खोलीच्या दाराशी उभा होतो, कार्ड लावत होतो, दार ढिम्म हलत नव्हतं. सुलटं लावलं, उलटं लावलं, सदऱ्याला पुसून लावलं. शेवटी तोंडातून एक शिवी गेली, अस्सल खानापूर तालुक्यातली. मागून आवाज आला, “काका, ह्या कार्डान दार उगडचें ना. तें एसटीचें.” बघतो तर हातात ज्येष्ठ नागरिकाचं स्मार्ट कार्ड! अर्ध्या तिकिटाचं. परमुलखात, समुद्रावर, मी एसटीची सवलत मागत होतो. तू हसला नाहीस. म्हणजे हसलास, पण आधी दार उघडून दिलंस आणि मग हसलास. हा क्रम मला आवडला.

तेव्हाच कळलं की तू गोव्याचा. तुमच्याकडे जहाजावर जाणाऱ्याला तारवटी म्हणतात हेही तूच सांगितलंस. आमच्या मराठीत तारू आता फक्त अभंगांत आणि शब्दकोड्यात उरलंय, तुमच्याकडे त्याच्यावर घरं चालतात.

त्या चार दिवसांत मी काय काय केलं ते लिहिलं तर एक वही भरेल. दोन-तीनच सांगतो, बाकीचं तुला माहीत आहे.

पहिलं इस्त्रीचं. माझी एक खोड आहे, पँटीला कडक घडी लागते. नोकरीतली सवय. म्हणून छोटी प्रवासातली इस्त्री बॅगेत टाकून नेली होती. चढतानाच ती यंत्रात दिसली आणि मला एका टेबलापाशी नेलं. तिथे माझ्यासारख्यांच्या इस्त्र्या आणि एक्स्टेन्शनचे बोर्ड रांगेत मांडून ठेवले होते, डेपोतल्या हरवलेल्या सामानाच्या खोलीसारखे. पावती देऊन इस्त्री जप्त. मला राग आला. तुझ्याकडे कुरकुर केली, तेव्हा तू म्हणालास, “काका, जहाजाला पाण्याचं भय नसतं तेवढं आगीचं असतं.” पुढे एक शब्द बोललो नाही. डिझेलच्या पंपाशेजारी आयुष्य काढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

दुसरं त्या भोंग्याचं. सात आखूड आणि एक लांब भोंगा वाजला तसा मी बॅग, पाण्याची बाटली आणि हिची शबनम उचलून निघालो. मला वाटलं, स्टॉप आला. तू जिन्यात अडवून सामान परत खोलीत ठेवायला लावलंस. आग लागली, जहाज कललं, तर कुणी कुठे जमायचं याची ती रंगीत तालीम होती. २०१२ मध्ये इटलीच्या किनाऱ्याजवळ कोस्टा काँकॉर्डिया खडकावर आपटून ३२ माणसं गेली, आणि त्यातल्या कित्येक प्रवाशांची तालीम तोवर झालेलीच नव्हती, कारण तेव्हा चोवीस तासांत कधीही घेतली तरी चालायची. आता जहाज हलायच्या आधी किंवा हलल्याबरोबर घ्यावीच लागते. हे तू मला लाइफ जॅकेटचे पट्टे आवळता आवळता सांगितलंस. आमचा टूर लीडर त्या वेळी वरच्या मजल्यावर फोटो काढत होता.

तिसरं घड्याळाचं, आणि याची मला खरी लाज वाटते. जहाजाची वेळ सिंगापूरची. थायलंड सिंगापूरच्या एक तास मागे. फुकेतला जहाज लांब नांगरून उभं, तिथून छोट्या बोटीने पातोंगच्या किनाऱ्यावर न्यायचं. शेवटची बोट साडेचारची, जहाजाच्या घड्याळाने. किनाऱ्यावर पाय ठेवला आणि मोबाइलने आपल्या अकलेने वेळ बदलून थायलंडची केली. आणि माझ्या मनगटावर? मनगटावर भारताची, कारण नात शाळेतून कधी येते ते हिला बघायचं असतं. तीन घड्याळं, तीन वेळा, आणि मधे मी. मोबाइलात तीनला दहा कमी होती. मी म्हटलं, अजून पावणेदोन तास आहेत, खा निवांत. ही नारळाच्या करवंटीतलं आइस्क्रीम खात बसली. मग तिनेच बघितलं. म्हणाली, “अहो, ती आपल्या जहाजातली लाल टोपीवाली बाई चप्पल हातात घेऊन का पळतेय?”

पळालो. ३२ वर्षं मी माइकवरून ओरडलो आहे की गाडी कुणासाठी थांबत नाही. त्या दिवशी वाळूतून पळताना हे वाक्य मला माझ्याच आवाजात ऐकू येत होतं. बोटीत बसलो तेव्हा हिच्या हातात करवंटी तशीच होती. टूर लीडर आधीच्या बोटीने जाऊन जेवायलासुद्धा बसला होता. “काका, ग्रुपवर मेसेज टाकला होता की.” अरे, समुद्रावर इंटरनेटचे पैसे वेगळे पडतात, ते आम्ही घेतलेलं नाही हे तुला माहीत आहे, मग ग्रुपवर टाकलेला मेसेज आमच्यापर्यंत काय कबुतराने आणायचा होता?

आणि हाच मेसेज शेवटच्या रात्री पुन्हा नडला.

शेवटच्या रात्री बॅगा चिठ्ठी लावून दाराबाहेर ठेवायच्या, त्या रातोरात खाली जातात आणि सकाळी थेट धक्क्यावरच्या हॉलमध्ये मिळतात. ही व्यवस्था मला फार आवडली. सामान वेगळं, प्रवासी वेगळा, टपावर चढायची भानगड नाही. मी झटून कामाला लागलो. सगळे कपडे घड्या करून भरले, पट्टासुद्धा गुंडाळून बुटाच्या पिशवीत. ही म्हणाली, “उद्या सकाळचं काढून ठेवलंत का?” मी म्हणालो, “मला सामानाचं शिकवू नकोस.” तिने स्वतःचा पंजाबी ड्रेस खुर्चीवर काढून ठेवला. मी अंगावरच्या पट्ट्यापट्ट्यांच्या नाडीवाल्या चड्डीत आणि बंडीत शांत झोपलो.

सकाळी साडेपाचला अंघोळ करून कपाट उघडलं. हँगर होते. नुसते हँगर. तिजोरी उघडली, तिच्यात दोन पासपोर्ट. ही आधी पाच मिनिटं हसली, मग तिचं हसू थांबलं, कारण माझं तोंड बघितलं तिने. खोलीतल्या फोनवरून टूर लीडरला लावला. “काका, रात्री ग्रुपवर सविस्तर टाकलं होतं, एक जोड बाहेर ठेवा म्हणून.” खाली काउंटरवर लावला. तिथल्या बाई गोड बोलल्या, पण बॅगा खाली गेल्या त्या गेल्या. जहाजावरचं कपड्यांचं दुकान? जहाज बंदराला लागलं की दुकानं बंद. हिची ओढणी लुंगीसारखी गुंडाळून बघितली. त्याबद्दल अधिक लिहीत नाही.

मग मी दार किलकिलं करून बाहेर डोकावलो, आणि नेमका टूर लीडर समोर. सोबत आमच्या ग्रुपमधले चार-पाच जण, लिफ्टकडे निघालेले. त्याने मोबाइल काढला आणि माझा फोटो घेतला. मला वाटलं चेष्टेने नुसता धरलाय. मुंबईला उतरल्यावर ग्रुपवर बघितला. खाली लिहिलं होतं, ‘काका अजून बीचवरच’. सत्तावीस जणांनी हसरे चेहरे टाकले होते. मोजले मी. त्या कंपनीचं नाव घेत नाही, आणि तिच्या लीडरला शापही देत नाही. वयाने माझ्या धाकट्याएवढा असेल. पण पैसे भरून घेताना ‘तुम्ही आमच्या घरचेच’ असं म्हणाला होता तो.

तू तेव्हा तुझी ढकलगाडी घेऊन तीन दारं पलीकडे होतास. तू फक्त माझ्या गुडघ्यांकडे बघितलंस. जवळ आलास आणि हळूच विचारलंस, “सगळें बॅगेंत?” मी मान हलवली. तू गेलास.

पंधरा मिनिटं लागली तुला. ती पंधरा मिनिटं मी पलंगाच्या कडेवर बसून काढली. रोज रात्री तू टॉवेलांचे प्राणी करून ठेवायचास, एकदा हत्ती, एकदा माकड, हिने सगळ्यांचे फोटो घेतले होते. त्या दिवशी पलंगावर काही नव्हतं.

दार वाजलं. उघडलं तर तू. तुझ्यामागे बोळात ग्रुपमधले दोघं-तिघं अजून रेंगाळतच होते, माझी काय गंमत होते ते बघायला. तू ताठ उभा राहिलास आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात इंग्रजीत म्हणालास, “सर, युअर एक्स्ट्रा टॉवेल. सॉरी फॉर द डिले.”

मी टॉवेल मागितला नव्हता. क्षणभर कळलंच नाही. मग हातात घेतला तेव्हा वजन लागलं.

आत घडी उलगडली. काळी पँट. तुझी स्वतःची, गणवेशाची नव्हे. आणि तिला इस्त्री होती. अशी घडी की हात कापावा. जप्त झालेल्या इस्त्रीवरून पहिल्या दिवशी मी किती कुरकुरलो होतो, ते तू लक्षात ठेवलं होतंस. पंधरा मिनिटांतली किती मिनिटं त्या घडीला गेली असतील, कोण जाणे. कमरेच्या काजाजवळ दोन सेफ्टी पिना टोचून ठेवलेल्या होत्या. तुझी कंबर ३२ असेल, माझी ३८. तू डोळ्यांनी माप घेतलं होतंस.

पँट दिलीस हे मोठंच. पण मुला, मी आभार मानतोय ते टॉवेलचे. पँट तू नुसती हातावर टाकून आणली असतीस तरी माझी अडचण भागली असती. पण ती उघडी आणली असतीस, तर बोळातल्या लोकांना दुसरा फोटो मिळाला असता. तू ती झाकून आणलीस, वर उशीर झाल्याची माफीही मागितलीस, म्हणजे चूक तुझी आणि मी नुसता टॉवेलची वाट बघत बसलेला प्रवासी. आठ शब्दांचं खोटं बोललास. असं खोटं बोलायला घरचं वळण लागतं. तुझ्या आईला माझा नमस्कार सांग.

एक गोष्ट सांगायची नव्हती, पण सांगतो. विट्याच्या स्टँडवर मी चौकशीच्या खिडकीत बसायचो तेव्हा एक धोतरवाले आजोबा आले होते. आटपाडीची गाडी कधी, असं तीनदा विचारलं त्यांनी. तिसऱ्यांदा मी म्हणालो, “बोर्डावर लिहिलंय, वाचता येत नाही का?” मागची रांग हसली. त्यांना खरंच वाचता येत नव्हतं. ते बाजूला जाऊन उभे राहिले आणि प्रत्येक गाडीच्या कंडक्टरला विचारत बसले. टूर लीडर म्हणाला ना, ‘ग्रुपवर टाकलं होतं’, तेव्हा मला पहिल्यांदा ते आजोबा दिसले. वीस-बावीस वर्षांनी. तोवर कधीच दिसले नव्हते.

बाकी थोडक्यात. शर्टही बॅगेतच होता, म्हणून बंडीवर हिचा स्वेटर चढवला, आणि तो खाली ओढून पिना झाकल्या. धक्क्यावर माझी बॅग मिळाली, पावती दाखवून इस्त्रीही मिळाली. तिथेच कपडे बदलता आले असते. शर्ट काढून घातला, पँट बदलली नाही. मुंबईपर्यंत तीच. विमानात बसल्यावर एक पिन टोचायला लागली, ती तशीच टोचू दिली. जहाज सोडताना जिन्यापाशी तुला म्हणालो की पत्ता दे, कुरियरने पाठवतो. तू म्हणालास, “आसूं दी, काका,” आणि पुढच्या खोलीत शिरलास. दुपारी नवे प्रवासी यायचे होते, तुला कुठे वेळ.

घरी आल्यावर पँट हाताने धुतली, यंत्रात टाकू दिली नाही. मागच्या खिशात कागदाचा एक चपटा गोळा निघाला, पुन्हा पुन्हा धुऊन पांढरा पडलेला. अक्षर एक उरलेलं नाही. पण लांबी, रुंदी, फाडल्याची कड. बसचं तिकीट आहे ते, ३२ वर्षांनंतर मला कुणी सांगायला नको. तुमच्या कदंबचंच असणार. जहाजावर चढायच्या आधीचा तुझा घरून निघालेला प्रवास असेल, किंवा नुसता बाजारात जाऊन आलेला.

ते तिकीट वाळवून परत त्याच खिशात ठेवलंय. पँटीला घडी घातली आहे, माझ्या इस्त्रीने, तुझ्याइतकी जमली नाही. तुझं कंत्राट संपून सुट्टीवर आलास की कुणाकडून तरी निरोप धाड. मी घेऊन येतो. गोव्यात घड्याळ आमचंच चालतं, त्यामुळे उशीर होणार नाही.

तुझा,
एसटीवाला काका