आधी पैसे, मग ‘येणे बाकी नाही’

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेली बावीस वर्षे मी इमारतींच्या प्लंबिंगची उपकंत्राटे घेतो. दिवाळीच्या तोंडावर फायनल बिलासाठी मुख्य कंत्राटदाराच्या ऑफिसात गेलो, तेव्हा माझ्याच लेटरहेडवर ‘सर्व रक्कम मिळाली, कोणतेही येणे बाकी नाही’ असे लिहून देण्यास सांगण्यात आले. चेक दोन दिवसांत निघेल, असा शब्द मिळाला. कारागिरांचा बोनस डोक्यावर होता, म्हणून सही-शिक्का केला. चेक सात आठवड्यांनी आला, तोही रिटेन्शनचे, म्हणजे कामाच्या हमीपोटी बिलातून राखून ठेवलेले, पाच टक्के अडकवून, आणि विचारणा केली तेव्हा माझेच पत्र माझ्यापुढे ठेवले गेले.

करार अधिनियम, १८७२ च्या कलम १७० नुसार शिंप्याला शिलाई मिळेपर्यंत कोट स्वतःजवळ ठेवता येतो. भिंतीत बुजवलेला पाइप मी कसा ठेवून घेणार?

अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये उपकंत्राटदाराला थकलेल्या पैशांसाठी थेट त्या मालमत्तेवर हक्क नोंदवता येतो. मालकाला एकाच कामाचे पैसे दोनदा भरावे लागू नयेत, म्हणून हा हक्क सोडल्याचे पत्र तिथेही घेतले जाते आणि ते रास्तच आहे. मात्र त्याचा मजकूर कायद्यानेच ठरवून दिला आहे. पैसे हातात येण्यापूर्वी द्यायचे पत्र सशर्त असते व रक्कम प्रत्यक्ष मिळाल्यावरच लागू होते, तर बिनशर्त पत्रावर, पैसे मिळाले नसले तरी ही सही तुम्हाला बांधील राहील, असा इशारा छापलेला असतो.

दबावाखाली घेतलेली अशी पावती दाव्याच्या आड येत नाही, हे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ च्या बोघारा पॉलिफॅब प्रकरणात मान्य केले आहे. परंतु तो दबाव सिद्ध करण्याची जबाबदारी आमच्यावर येते आणि दहा-बारा माणसे पोसणाऱ्या उपकंत्राटदाराला त्यासाठी वर्षानुवर्षे वकील परवडत नाही. म्हणून राज्य शासनाने निदान सार्वजनिक बांधकामांच्या निविदांमध्ये उपकंत्राटदाराकडून घ्यावयाच्या पावतीचा नमुना ठरवून द्यावा, आणि त्यात एवढे एक वाक्य असावे: ‘रिटेन्शन व मंजुरीसाठी प्रलंबित जादा कामाची रक्कम वगळून, ही पावती बिलाची रक्कम खात्यात जमा झाल्यानंतरच लागू होईल.’

आपला,
एक प्लंबिंग उपकंत्राटदार, पिंपरी-चिंचवड