हालिदे एदिब यांचाही विषय निघावा

महोदय,

रविवार पुरवण्यांत तुर्की कादंबरीचा विषय निघाला की गाडी ओरहान पामुक आणि एलिफ शफाक यांच्यापुढे सरकत नाही. दोघेही मोठे, त्याबद्दल वाद नाही. पण कादंबरीकार हालिदे एदिब यांचे साधे नावही येऊ नये? पामुक जन्मायच्या आधीच या बाई दिल्लीत व्याख्याने देऊन गेल्या होत्या.

१९३५ साली जामिया मिल्लियात त्या बोलल्या. काँग्रेस नेते डॉ. मुख्तार अहमद अन्सारी यांचा त्यात पुढाकार होता. बाल्कन युद्धाच्या वेळी तेच वैद्यकीय पथक घेऊन तुर्कस्तानला गेले होते. हालिदेबाई गांधीजींना भेटल्या, देशभर हिंडल्या आणि १९३७ मध्ये ‘इनसाइड इंडिया’ लिहिले.

इस्तंबूलच्या अमेरिकन कॉलेजातून १९०१ मध्ये त्या पदवीधर झाल्या. नवऱ्याने दुसरी बायको करायचे ठरवले तेव्हा सवत नांदवून घेण्यापेक्षा काडीमोड घेतला, तोही १९१० मध्ये! ग्रीक फौजा इझमीरमध्ये उतरल्यावर, १९१९ साली, इस्तंबूलच्या सुलतानअहमद चौकातल्या प्रचंड सभेत त्यांनी भाषण केले. पुढच्याच वर्षी सुलतानाच्या सरकारने त्यांना फाशीची शिक्षा फर्मावली. तोवर त्या अनातोलियात मुस्तफा केमाल (पुढचे अतातुर्क) यांच्या गोटात पोचल्या होत्या. पुढे केमाल यांच्याशीही बिनसले आणि १९३९ पर्यंत परदेशात दिवस काढावे लागले.

कॉलेजातली इंग्रजी खरी कामी आली ती या काळात. आठवणींचे दोन्ही खंड त्यांनी इंग्रजीतच लिहिले. ‘द क्लाउन अँड हिज डॉटर’ ही कादंबरीही १९३५ मध्ये आधी लंडनला इंग्रजीत निघाली, मग ‘सिनेकली बक्काल’ (हे कादंबरीतल्या गल्लीचे नाव) म्हणून तुर्कीत आली. तिची नायिका राबिया. आजोबा मशिदीतले कर्मठ इमाम, तर बाप सावल्यांच्या खेळातला विनोदी नट. कुराणपठणाने नाव मिळवलेली ही मुलगी शेवटी लग्न करते ते एका इटालियन पियानोवादकाशी. पूर्व की पश्चिम, यावर रकानेच्या रकाने भरणाऱ्यांनी ही एक गल्ली वाचावी. मायदेशी परतल्यावर त्या इस्तंबूल विद्यापीठात इंग्रजीच्या प्राध्यापक झाल्या, संसदेतही गेल्या. १९६४ मध्ये त्यांचे निधन झाले.

मात्र त्यांच्यावर लेख छापलात तर आरती ओवाळू नका. पहिल्या महायुद्धात लेबनॉनमधल्या अंतुरा येथील अनाथाश्रमाची जबाबदारी त्यांच्याकडे होती. तिथे आर्मेनियन पोरांची नावे बदलून त्यांना तुर्की मुसलमान केले जात होते. नावे बदलण्याला आपण आक्षेप घेतला होता असे बाईंनी आठवणींत लिहिले आहे, तरी जबाबदारी स्वीकारलीच, आणि ते मला तरी पटत नाही. लेखात अंतुरावर दोन ओळी उरकू नयेत, एवढी विनंती.

— एक वाचक, नाशिक