ओघळ

न्यू जर्सी
5 जुलै

तीर्थरूप बाबा आणि आईस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोन मध्येच तुटला. सुट्टीच्या दिवशी इतक्या लांब काय बघायला गेली होतीस, असं बाबांनी विचारलं आणि मी म्हटलं, एका पेंटरचं घर. "पाट्या रंगवायचा का?" एवढं ऐकू आलं आणि रेंज गेली. मी पुन्हा फोन लावला नाही, कारण उत्तर फोनवर मावणारं नव्हतं. आई, हे पत्र तू मोठ्यानं वाच. कागद हातात धरून वाचणं बाबांना आता जड जातं, मला माहीत आहे.

पाट्या नव्हता रंगवत, बाबा. पण रंग तुमच्याच डब्यातला वापरायचा. जॅक्सन पोलॉक त्याचं नाव, जन्म 1912 चा. इतर चित्रकार ट्यूबमधला तैलरंग वापरत, तेव्हा यानं घरं रंगवायचा ऑइलपेंट घेतला. तो स्वस्त होता आणि मुख्य म्हणजे वाहता होता. कॅनव्हास भिंतीला न लावता जमिनीवर अंथरायचा, चारी बाजूंनी फिरायचं आणि काठीनं किंवा वाळून कडक झालेल्या ब्रशनं वरून धार सोडायची. काठी कापडाला टेकवायचीच नाही. म्हणजे अख्खं चित्र ओघळांचं.

आपल्या घरात ओघळ म्हणजे केवढा गुन्हा! चौथीत असताना मी हट्टानं ब्रश घेतला आणि किराणा दुकानाच्या पाटीवर 'भांडार'च्या अनुस्वारातून लाल रंगाची रेघ थेट खालच्या फोन नंबरापर्यंत उतरवली. तुम्ही ओरडला नाहीत. चिंधीवर टर्पेंटाइन घेऊन सगळं अक्षर पुसलंत, रात्री पुन्हा काढलंत आणि मला म्हणालात, "आधी रंगाचं वजन ओळखावं, मग हात उचलावा." मी आज रंगाच्या कंपनीच्या प्रयोगशाळेत बसते, ती त्या वाक्यामुळे. हे तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं. उलट कॉलेजच्या फॉर्मवर 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यात मी 'धंदा' एवढंच लिहायचे. पेंटर लिहायची लाज वाटायची. ती लाज आता मला बोचते.

पोलॉकचं घर लाँग आयलंडच्या टोकाला स्प्रिंग्स नावाच्या गावात आहे. 1945 साली तो आणि त्याची बायको ली क्रॅस्नर तिथं राहायला गेली. मागच्या कोठारात तो काम करायचा. आत जाताना बूट काढावे लागतात, मऊ सपाता देतात, कारण बघायची असते ती जमीनच. कॅनव्हासच्या कडेबाहेर पडलेला रंग तसाच आहे. 1953 साली त्यानं ती जमीन फळ्यांनी झाकून टाकली होती. त्याच्या मृत्यूनंतर कितीतरी वर्षांनी, घराचं संग्रहालय करताना फळ्या उचलल्या आणि खाली हे सगळं निघालं. मी तिथं खूप वेळ उभी होते. आपल्या पडवीतली जमीन दिसत होती मला, तुमच्या स्टुलाभोवतीचे ते थेंब. आई दर दिवाळीला घासायची आणि ते जायचे नाहीत.

आता खरी गोष्ट. आई, काकवी भाकरीवर सोडली की धार खाली टेकताच गोल गोल वेटोळी घालते, आठवतं? दाट द्रव वरून पडला की खालचा भाग लवकर पसरत नाही, वरून नवीन येतच राहतो, मग धार स्वतःवरच गुंडाळते. हात एका जागी धरला की हे होणारच. पोलॉकच्या रेघा मात्र बहुतेक सरळ, लांब पळतात, त्यांत वेटोळी फारशी नाहीत. असं का, हे ब्राउन विद्यापीठातल्या रोबर्तो झेनित आणि सोबत्यांनी तपासलं. 1950 साली छायाचित्रकार हान्स नामुथ यांनी पोलॉकला काम करताना चित्रित केलं होतं. त्या फिल्मवरून त्यांनी हाताचा वेग आणि कापडापासूनची उंची मोजली, दाट द्रवाची धार यंत्रानं सोडून पाहिली आणि 2019 मध्ये निष्कर्ष मांडला: त्याचा हात इतक्या वेगानं आणि इतक्या कमी उंचीवरून फिरायचा की धारेला गुंडाळायला सवडच मिळत नसे. हे गणित पोलॉक शिकला नव्हता. बाबा, तुम्ही डब्यात काठी बुडवून वर उचलायचात, तार किती वेळ टिकते ते बघायचात आणि टर्पेंटाइनचे दोन थेंब टाकायचात. आई एकतारी पाक तसाच बघते. मी प्रयोगशाळेत भोक असलेल्या कपातून रंग किती सेकंदांत रिकामा होतो ते घड्याळ लावून मोजते. तिन्ही गोष्टी एकच आहेत, आणि तुमच्या दोघांच्या पद्धतीला कप लागत नाही.

अमेरिकेतल्या टाइम साप्ताहिकानं 1950 मध्ये त्याच्या चित्रांना गोंधळ ठरवलं, तेव्हा त्यानं संतापून कळवलं होतं की गोंधळ नाही! रंगाचा ओघ माझ्या ताब्यात असतो, इथं अपघात नाही, असंही तो म्हणायचा. लोकांना ती बढाई वाटली. ती बढाई नव्हती.

दुसरी गोष्ट चौकटींची. मोठ्या भिंतीवर चित्र चढवायला तुम्ही खडूच्या दोरीनं चौकटी मारायचात ना? रिचर्ड टेलर या भौतिकशास्त्रज्ञानं पोलॉकच्या चित्रांवर तेच केलं. चौकटी मारायच्या, किती घरांत रंग आहे ते मोजायचं, मग घरं लहान करायची, पुन्हा मोजायचं. त्यातून एक आकडा निघतो. साध्या रेघेचा 1, पूर्ण भरलेल्या पृष्ठभागाचा 2. झाडाच्या फांद्या, किनारपट्टी यांचे आकडे मधले असतात. लांबून बघा की जवळून, गुंतागुंत सारखीच. 1999 मध्ये टेलर यांनी 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकात लिहिलं की पोलॉकची चित्रं तशीच आहेत आणि वर्षागणिक हा आकडा 1.1 च्या आसपासून 1.7 पर्यंत चढत गेला. 2006 मध्ये त्याच नियतकालिकात कॅथरीन जोन्स-स्मिथ आणि हर्ष माथुर यांनी हरकत घेतली: हातानं काढलेलं चांदण्यांचं साधं रेखाटनही या परीक्षेत उतरतं. मला हरकत पटते. पण भौतिकशास्त्रज्ञ एका चित्राशी इतकी वर्षं भांडत बसले, हेच मला मोठं वाटतं.

न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात त्याचं 'नंबर 1ए, 1948' आहे, अडीच मीटरहून जास्त रुंद. वरच्या उजव्या कोपऱ्यात त्याच्या हाताचे ठसे आहेत, बेंदराला बैलांच्या अंगावर उठवतात तसे. त्यातला झळझळीत निळा कुठला, हे 2025 पर्यंत नक्की ठाऊक नव्हतं. लेझरचा प्रकाश टाकून रेणू ओळखला, तो मँगनीज निळा निघाला. हा रंग आता बाजारात मिळत नाही. मी त्या निळ्यापुढे उभी राहून रडले.

बाकी पसारा खूप आहे. जपानमधल्या गुताई या चित्रकारांच्या गटातले काझुओ शिरागा दोराला लोंबकळून पायानं रंगवत. ऑर्नेट कोलमनच्या 1961 च्या जॅझच्या तबकडीच्या वेष्टनात पोलॉकचं चित्र होतं. 1973 मध्ये ऑस्ट्रेलिया सरकारनं त्याचं 'ब्लू पोल्स' हे चित्र विकत घेतलं, तेव्हा किमतीवरून देशभर गदारोळ झाला.

आई, तुझ्यासाठी दोन बायका. जॅनेट सोबेल ही ब्रुकलिनमधली आजी, चित्रकला शिकलेली नाही. तिनं पोलॉकच्या आधी ऑइलपेंट ओतून अशी चित्रं केली. पोलॉकनं ती पाहिली होती, आणि आपल्यावर त्यांची छाप पडली हे कबूल केलं होतं. आणि ली क्रॅस्नर, स्वतः पक्की चित्रकार. कोठार त्याला मिळालं, ती वरच्या छोट्या खोलीत रंगवायची. 1956 साली तो दारू पिऊन गाडी चालवताना झाडावर आदळून गेला, 44 वर्षांचा होता. गाडीतल्या एका तरुणीचाही जीव गेला. त्याबद्दल त्याला मी माफ करू शकत नाही. पुढे ली त्या कोठारात आली आणि तिथं तिनं स्वतःची मोठमोठी चित्रं केली. तू रात्री दोन-दोन वाजेपर्यंत पाट्यांची जमीन, म्हणजे अक्षरांमागचा रंग, भरायचीस, आणि खाली सही एकट्या बाबांची असायची. ते मला तिथं आठवलं.

बाबा, फ्लेक्स आले आणि पाट्या गेल्या, तरी तुम्ही ब्रश ठेवला नव्हता. हात कापायला लागले तेव्हा ठेवलात. अक्षराला बोटं आणि मनगट स्थिर लागतं, टेकूची काठी लागते, हे मी नाकारत नाही. पण धार सोडायची ती खांद्यातून आणि कमरेतून, चालता चालता. हे मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. मी इथं गच्चीवर चादर अंथरून करून पाहिलं. बोटांचं काम फार थोडं आहे, आणि रंगाचं वजन कळणं हेच अवघड आहे. मला अजून नीट जमत नाही.

गणपतीच्या आधी आठ दिवस येते आहे. मांजरपाट पाच मीटर आणून ठेवा. माळ्यावरच्या डब्यांत रंगावर साय धरली असेल, ती मी येईपर्यंत फोडू नका. आणि आई, पडवीतले थेंब या वर्षी घासू नकोस.

तुमची,
लेक