डीडीएनएस बरोबर होतं, पत्ताच आपला नव्हता

संपादक साहेब, नमस्कार.

मध्यंतरी तुमच्या पुरवणीत आलं होतं की घरातला कॅमेरा बाहेरून बघायचा असेल तर राउटरवर डायनॅमिक डीएनएस (डीडीएनएस, म्हणजे नेटचा बदलता पत्ता एका कायमच्या नावाला जोडून ठेवणारी सोय) चालू करा, पोर्ट (बाहेरून आत यायची वाट) उघडा, झालं काम. माहिती चुकीची नाही पण अर्धी आहे, आणि त्या अर्ध्या माहितीपायी माझे तीन रविवार वाया गेले म्हणून हे पत्र.

आमच्याकडे केबलचं नेट नाही, सिम टाकायचा फोरजी राउटर आहे. लिहिलं होतं तसं सगळं केलं, फुकटातलं होस्टनेम (ते कायमचं नाव) घेतलं, पासवर्ड राउटरमध्ये भरला, पोर्ट फॉरवर्डिंग लावलं, म्हणजे त्या वाटेने येणारं कॅमेऱ्याकडे वळवलं. राउटरवर हिरवी टिक, अपडेट सक्सेसफुल! आणि बाहेरून उघडायला जावं तर नुसतं गोल गोल फिरतंय, शेवटी टाइमआउट. मग सगळे करतात तेच, राउटर बंद-चालू, पासवर्ड परत, फर्मवेअर, शेवटी फॅक्टरी रिसेट मारून पहिल्यापासून सगळं. त्यात वैतागून अपडेटचं बटण इतक्यांदा दाबलं की डीडीएनएसवाल्यांनी होस्टनेमच ब्लॉक केलं, कारण आयपी (नेटवरचा पत्ता) बदललेला नसताना सारखं अपडेट पाठवलं की ते त्याला गैरवापर धरतात. कस्टमर केअरचं एकच पालुपद, सिम काढून परत घाला.

तिसऱ्या रविवारी सहज राउटरच्या स्टेटस पेजवर नजर गेली तर वॅन आयपी (कंपनीने राउटरला दिलेला पत्ता) १००.७२ ने सुरू होणारा, आणि ‘माझा आयपी काय’ सांगणाऱ्या साइटवर भलताच आकडा. तिथे ट्यूब पेटली. आयपीव्ही४ चे, म्हणजे नेटच्या जुन्या पद्धतीचे, पत्ते जगात सगळे मिळून साधारण ४२९ कोटी, त्यांचा मुख्य साठा फेब्रुवारी २०११ मध्येच वाटून संपला, आणि २०१२ मध्ये १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचा पट्टा नेट देणाऱ्या कंपन्यांच्या आतल्या वापरासाठी राखून ठेवला गेला. म्हणजे कंपनी एकाच पब्लिक आयपीमागे (बाहेरच्या जगाला दिसणाऱ्या पत्त्यामागे) ढीगभर गिऱ्हाइकं बसवते, याला सीजीनॅट म्हणतात. आपण आपल्या खोलीचं दार सताड उघडं ठेवून बसलोय आणि इमारतीच्या मुख्य दाराची किल्ली कंपनीकडे, तर पाहुणा वर येणार कसा? माझं होस्टनेम त्या मुख्य दाराचा पत्ता अगदी बरोबर सांगत होतं, म्हणून तर हिरवी टिक. डीडीएनएस बिचारं निर्दोष.

तेव्हा कुठल्याही सेटिंगला हात लावायच्या आधी राउटरवरचा वॅन आयपी आणि त्या साइटवरचा आयपी, हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून बघा. जुळले तर पुढे जा. राउटरवर १०. किंवा वरच्या पट्ट्यातला आयपी दिसला तर पोर्ट उघडून काही होणार नाही. १९२.१६८ दिसला तर बहुतेक घरातच एकामागे एक दोन राउटर लागलेत, त्यातला एक ब्रिज मोडवर टाका, म्हणजे तो नुसतं नेट पुढे देईल. आणि टेस्ट घरच्या वायफायवरून करू नका, मी तोही शहाणपणा केला. बऱ्याच राउटरना आतून बाहेर जाऊन परत आत येणं जमत नाही, त्यामुळे चालणारी गोष्टही बंद वाटते. फोनचं वायफाय बंद करून दुसऱ्या सिमवरून बघा.

उपाय आहेत. काही कंपन्या मागितल्यावर पब्लिक आयपी देतात, माझ्या कंपनीने नाही म्हणून सांगितलं. आयपीव्ही६ (पत्त्यांची नवी पद्धत) मिळत असेल तर नॅटची, म्हणजे एका पत्त्यामागे अनेकांना बसवायची, भानगड नाही, पण मग राउटरच्या फायरवॉलमध्ये वाट करून द्यावी लागते, होस्टनेमला एएएए रेकॉर्ड (व्ही६ पत्त्याची नोंद) लागतो, कॅमेऱ्याला आणि जिथून बघणार तिथेही व्ही६ लागतं, आणि माझा कॅमेरा पडला जुना. शेवटी घरातल्या एका जुन्या मशीनवर वायरगार्ड (खाजगी बोगदा करणारं व्हीपीएन सॉफ्टवेअर) टाकलं, ते आतून बाहेर भाड्याच्या सर्व्हरला कनेक्शन करतं, मी बाहेरून त्या सर्व्हरमार्फत कॅमेरा बघतो, आणि ते दर २५ सेकंदाला एक टिचकी पाठवत राहतं, नाहीतर सीजीनॅट ती वाट विसरून जातं. कॅमेरा असा थेट नेटवर उघडा टाकण्यापेक्षा हे बरंच, खरं सांगायचं तर.

माझी तक्रार तांत्रिक नाहीच. सिम देताना फॉर्मवर एक ओळ छापायला काय जातं, की पब्लिक आयपी मिळेल, मिळणार नाही, की मागावा लागेल? विकणाऱ्याला विचारलं तर तो म्हणाला स्पीड चांगला आहे. आणि तुमच्या लेखकांनाही विनंती, पुढच्या वेळी ते दोन आकडे पहिल्याच परिच्छेदात येऊ द्या, बाकीचं नंतर.

ते होस्टनेम मी नंतर विनवण्या करून सोडवून घेतलं. आता त्याचा काही उपयोग नाही, पण दर ३० दिवसांनी ‘चालू ठेवायचंय का’ म्हणून मेल येतो आणि मी मुकाट्याने हो दाबतो.

आपला,
एक नेहमीचा वाचक